वायएफझेड ४५०: थ्रॉटल झटकन दाबला की गाडी का गुदमरते

भाऊ, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं, २००६ ची सेकंडहँड यामाहा वायएफझेड ४५० (वाळूत पळवायची चार चाकी क्वाड, हिचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा) घेतलीत, शारजात अख्खा उन्हाळा गॅरेजमधे उभी होती, आता सीझन सुरू झाला म्हणून काढली तर आयडलिंग ठीक, हळूहळू रेस दिली तरी बऱ्यापैकी ठीक, पण अंगठा झटकन दाबला की "बूऽऽ" करून बसते नि कधी कधी बंदच पडते. एकाने सांगितलं मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल देणारं कार्ब्युरेटरमधलं भोक) मोठा टाका, दुसऱ्याने सांगितलं सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय. आत्ता दोन्ही करू नका. मेन जेटचं काम सुरू होतं थ्रॉटल पाऊणच्या पुढे गेल्यावर आणि तुमचा लोचा त्याच्या खूप आधी आहे, आणि सीडीआय जाताना असं शहाण्यासारखं ठराविक वेळीच त्रास देत नाही सहसा.

आधी हे समजून घ्या की तुमच्या गाडीत केहिन कंपनीचा एफसीआर कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर आहे, ३९ मिमीचा. हा मूळचा रेसिंगचा कार्ब. यात अंगठा आणि स्लाइड (हवेचा रस्ता उघडणारी सरकती झडप) यांच्यामधे फक्त केबल, दाबलं की स्लाइड खाडकन वर. रॉयल एनफिल्डच्या जुन्या कार्बवाल्या क्लासिक ३५० मधे स्लाइड व्हॅक्यूमवर चालायची, मनगट कितीही पिरगाळा ती इंजिनला झेपेल तशीच वर जाते, इथे तसं कोणी अडवणारं नाही. मग होतं काय की स्लाइड एकदम उघडली की हवा लगेच आत घुसते, पण जेटमधून पेट्रोल खेचणारी ओढ कमी पडते आणि पेट्रोल मागे राहतं, तेवढा क्षणभर इंजिनला नुसती हवा मिळते. तो खड्डा भरायला एक्सेलरेटर पंप दिलाय, अंगठा दाबला की तो पेट्रोलची एक पिचकारी थेट घशात मारतो. झटकन दाबल्यावरच गुदमरते आणि हळू दाबल्यावर नाही, म्हणजे माझा पहिला संशय या पंपावर आणि दुसरा पायलट जेटवर (आयडल आणि कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारं बारीक भोक).

पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका, स्वतः बघा. थ्रॉटलच्या डबीवर मास्किंग टेपचा तुकडा लावा, अंगठ्याच्या लिव्हरवर पेनाने एक रेघ मारा आणि टेपवर बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा. इंजिन नीट गरम होऊ द्या, मोकळ्या सपाट जागी तिसऱ्या गिअरमधे चालवा आणि गाडी नक्की कुठल्या खुणेला अडते ते बघा. बंद ते पाव यात अडखळली तर पायलट जेट आणि फ्युएल स्क्रू (त्याच पेट्रोलचं कमी-जास्त करणारा स्क्रू). पाव ते पाऊण एका जागी धरून ठेवल्यावर फटफट केली तर सुई म्हणजे नीडल, किंवा मग कार्बच्या बाजूला बसलेला टीपीएस, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर. फुल थ्रॉटलला मोठ्या ड्यूनवर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर चढताना दम सोडला तर मेन जेट, नाहीतर टाकीच्या झाकणाची व्हेंटची नळी वाळूने बुजलेली असते (हे इकडे भरपूर बघितलंय, झाकण सैल केलं की गाडी पळायला लागते आणि मालक म्हणतो कार्ब नवीन घ्यायला निघालो होतो). आणि कुठल्याही खुणेला व्यवस्थित चालली, फक्त झटक्यालाच बसली, तर पंप.

आता काम. टाकी आणि बाऊल (कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी) दोन्ही रिकामे करा. बाऊलच्या तळाला ड्रेन स्क्रू आहे, त्याखाली काचेची बरणी धरा, प्लॅस्टिकची नको, काचेत दिसतं. चार महिने ४५ डिग्रीत उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल पिवळट होतं, वास पेट्रोलचा राहत नाही, जुन्या ऑइल पेंटसारखा येतो, आणि बरणी दोन मिनिटं तशीच ठेवली की तळाशी वाळूचे बारीक कण नाहीतर पाण्याचे गोळे बसलेले दिसतात. असं दिसलं तर पायलट जेट बुजलाय हे जवळजवळ नक्की समजा, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक, पेट्रोल सुकून जो चिकट थर होतो तो पहिला तिथे बसतो. जेट काढा, उजेडाकडे धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे, अर्धवट चंद्र दिसला तर साफ नाही. स्टीलची तार खुपसू नका, भोक मोठं होतं आणि मग आयुष्यभर ट्यूनिंग लागत नाही, विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार आणि कार्ब क्लीनर पुरतो. जेटएवढाच त्याच्यामागचा रस्ताही साफ झाला पाहिजे, फ्युएल स्क्रू काढून त्या भोकातून क्लीनर मारा, घशात स्लाइडजवळच्या बारीक छिद्रांतून फवारा निघाला पाहिजे. चष्मा घाला, तो फवारा बरोबर डोळ्यात येतो.

फ्युएल स्क्रू काढताना एक सांभाळा, त्याच्यावर स्प्रिंग, मग छोटा वॉशर, मग छोटी ओ-रिंग असते, ओ-रिंग हमखास आतच चिकटून राहते आणि लोकांना वाटतं नव्हतीच. ती नसेल तर तिथून हवा खेचते आणि काहीही करा सेटिंग लागत नाही. कार्ब खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, खास करून स्लाइडच्या मागच्या प्लेटचा, ती उलटी बसली की नवाच आजार सुरू. टीपीएसचा स्क्रू मात्र हलवू नका, तो फॅक्टरीतून सेट होऊन येतो.

मग पंप. कार्ब परत बसवून ताजं पेट्रोल येऊ द्या, एअरबॉक्सकडचा (फिल्टरच्या डब्याकडचा) रबर बूट सोडा, इंजिन बंद, टॉर्च घेऊन कार्बच्या तोंडात बघा आणि अंगठा झटकन दाबा. पिचकारी लगेच, सरळ, जोरात आली पाहिजे आणि उघडणाऱ्या स्लाइडला न लागता तिच्या खालून निसटली पाहिजे. नुसतं ठिबकलं किंवा उशिरा आलं तर बाऊलच्या तळाचं तीन स्क्रूवालं छोटं झाकण उघडा, आत पंपाचा रबरी डायफ्राम आहे, तो बोटाने वाकवून बघा, कडक झालेला किंवा चिरलेला असेल तर नवीन टाका, फार महाग नाही. झाकणात स्प्रिंग आणि चिमुकल्या ओ-रिंग आहेत त्या वाळूत पाडू नका, म्हणजे हे काम डेझर्टात करूच नका. डायफ्राम चांगला आहे पण पिचकारी क्षणभर मागे पडते, असं असेल तर जुनी युक्ती म्हणजे पंपाच्या लिंकेजवर एक पेट्रोल सहन करणारी ओ-रिंग चढवायची, त्यातल्या स्प्रिंगची ढील जाते आणि अंगठ्याबरोबरच पंप हलतो. पिचकारी स्लाइडवर आपटत असेल तर उलट, लवकर येतेय, लिंकेजवरच्या स्क्रूने टायमिंग थोडं मागे घ्या.

अंगठा दाबल्यावर काळा धूर सोडून गुदमरत असेल तर पेट्रोल कमी नाही, जास्त होतंय. मग बाऊलमधला लीक जेट बघायचा. याचा हिशोब उलटा आहे, नंबर मोठा घेतला की पेट्रोल बाऊलमधे जास्त परत जातं आणि पिचकारी आखूड होते. कमी की जास्त हे कळत नसेल तर इंजिन गरम असताना चोक किंचित ओढून तोच झटका देऊन बघा, सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, अजून बिघडली तर जास्त.

तुमच्या फोटोत सायलेन्सर कंपनीचा नाही, बाहेरून घेतलेला दिसतोय आणि एअरबॉक्सचं झाकण नाहीये. अमेरिकेतून आलेल्या सेकंडहँड गाड्यांत हे अगदी कॉमन, आधीच्या कोणीतरी हवा वाढवली, जेटिंग केलं की नाही देव जाणे. त्यामुळे सगळं साफ झाल्यावर फ्युएल स्क्रू सेट करा, हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, दीड फेरा बाहेर काढा, इंजिन गरम असताना पाव पाव फेरा फिरवत आयडल सगळ्यात वर जाईल तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने रेस खाली आणा. या कार्बमधे स्क्रू बाहेर म्हणजे पेट्रोल जास्त. (कोणाची बॅन्शी, म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक क्वाड, असेल तर तिथे एअर स्क्रू आहे, सगळं उलटं, बाहेर म्हणजे पेट्रोल कमी.) सगळ्यात चांगली चाल एका फेऱ्याच्या आतच मिळाली तर पायलट जेट मोठा आहे, अडीच-तीनच्या पुढे गेली तर लहान आहे, एक नंबर वर घ्या. रेस सोडल्यावर आयडल वरच लटकून हळू हळू खाली येत असेल तर कार्ब आणि इंजिनमधला रबर बूट बघा, इकडच्या उन्हात तो चिरतो. चालू इंजिनवर बुटाभोवती पाण्याचा फवारा मारा, आवाज बदलला तर तिथून हवा खेचतेय.

फिल्टर पण बघा, फोम वाळूने भरला असेल तर धुवा, पेट्रोलने नको, जोडाचा गोंद सुटतो, फिल्टर क्लीनर आणि साबणाचं पाणी, वाळला की फिल्टर ऑइल. पेट्रोल सुपर ९८ भरा, इंजिन जवळपास १२:१ कॉम्प्रेशनचं आहे, तिथे बचत करू नका.

एक इलेक्ट्रिकची गोष्ट तेवढी तपासा. पार्किंग ब्रेक लावलेला असताना गाडी स्वतःच रेस कमी ठेवते, आणि तो स्विच किंवा कनेक्टर गंजला की ब्रेक सोडलेला असूनही तिला लावलेलाच वाटतो. तेव्हा रेस एका ठराविक जागी येऊन फटफट करते, वर जातच नाही. ते गुदमरणं वेगळं, कानाला लगेच कळतं.

ज्यांच्याकडे यामाहाचीच रॅप्टर ७०० किंवा २००९ पासूनची वायएफझेड ४५०आर आहे त्यांनी यातलं काही करू नका, त्या फ्युएल इंजेक्शनच्या, तिथे थ्रॉटल बॉडी, पंप आणि इंजेक्टर बघायचा, तो वेगळा विषय.

जेटिंग तुम्ही जानेवारीच्या सकाळी लावलं तर एप्रिलच्या दुपारी गाडी जड वाटणारच, गरम हवा पातळ असते म्हणून तेच पेट्रोल जास्त होतं, तेव्हा स्क्रू थोडा आत घ्यायचा, घाबरून परत सगळं उघडायचं नाही. आधी बरणीत काय निघालं, पिचकारी कशी येते, आणि स्क्रू किती फेऱ्यांवर लागला एवढं करून सांगा, पायलटवर नंबर कुठला कोरलाय तोही वाचून ठेवा, मग सुईच्या क्लिपचं बघू.