मिशिगनमध्ये ४० एकरांसाठी मोठी एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी चार चाकांची उघडी गाडी) घ्यायचीय, पोलारिस की होंडा? ब्रँडवर किती विश्वास ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलात ४० एकर जागा घेतलीय, निम्मं जंगल, जमीन चढ-उताराची, ड्राइव्हवे लांबलचक, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा आणि बाकी वेळ सरपण ओढायचं. एक शेजारी म्हणतो पोलारिसशिवाय काही बघूच नका, दुसरा म्हणतो होंडा सोडून सगळं भंगार. मी शेजारच्याच विस्कॉन्सिनमध्ये उत्तरेकडे राहतो, स्वतःची एटीव्ही स्वतः खोलतो, आसपासच्या लोकांच्याही खोलून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुमचे दोन्ही शेजारी मनापासून बोलतायत. होंडावाल्यांच्या घरात बहुतेक वेळा १९८८ ला आलेली फोरट्रॅक्स ३०० फोर-व्हील-ड्राइव्ह किंवा तिच्यानंतरचं एखादं मॉडेल असतं, ती गाडी आजही इकडच्या शेतांवर चालताना दिसते, आणि कडाक्याच्या थंडीत वर्षानुवर्षं जी गाडी चालू झाली तिच्यावर माणूस जीव लावणारच. पोलारिसचं तसंच, १९५४ ला मिनेसोटातल्या रोझोमध्ये सुरू झालेली कंपनी, आधी स्नोमोबाइलवाली, इकडच्या लोकांना ती घरचीच वाटते, आणि १९९६ ला स्पोर्ट्समन ५०० मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन आली तेव्हा दगडधोंड्यांतून तासन् तास बसूनही पाठ शाबूत राहते हे लोकांना पहिल्यांदा कळलं. पण मुद्दा असा की ही निष्ठा एका ठरावीक सालच्या ठरावीक गाडीवर आहे, आणि तुम्ही ती गाडी घेत नाही आहात, आज शोरूममध्ये उभी आहे ती घेताय.

आणि टाकीवरच्या नावाचं काय सांगू. २००४ च्या सुमारास सुझुकीची ट्विन पीक्स ७०० म्हणून जी मोठी एटीव्ही विकली गेली ती मुळात कावासाकीची प्रेअरी ७०० होती. आर्क्टिक कॅटच्या जुन्या ४००, ५०० मध्ये इंजिन सुझुकीचं. जॉन डियरची बक नावाची एटीव्ही बॉम्बार्डिये बनवून द्यायची, म्हणजे आज जी कॅन-अॅम विकते तीच मंडळी. म्हणजे हिरव्या जॉन डियरवाला पिवळ्या बॉम्बार्डियेवाल्याशी हिरिरीने भांडत होता आणि आत माल एकच. आपल्याकडे स्वराजवाला आणि महिंद्रावाला पारावर वाद घालतात आणि २००७ पासून दोन्हींचा मालक एकच आहे, तसंच हे.

मग बघायचं काय, तर माझ्या मते सगळ्यात आधी गिअरबॉक्स, कारण खरा फरक तिथे आहे आणि सेल्समन त्याबद्दल सगळ्यात कमी बोलतो. होंडाच्या युटिलिटी एटीव्हीत बेल्ट नसतो, गिअर असतात, मग ते पायाने बदला किंवा ऑटोमॅटिक घ्या. बाकी जवळपास सगळ्या मोठ्या गाड्या, पोलारिस, कॅन-अॅम, यामाहा, कावासाकी, सुझुकी, या बेल्टच्या सीव्हीटीवर, म्हणजे गिअरऐवजी पट्ट्याने वेग आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्सवर, चालतात. बेल्ट वाईट नाही, चालवायला एकदम सोपा, पण लोक जड ट्रेलर लावून हाय रेंजमध्ये (वेगासाठीच्या गिअरमध्ये) चढ चढवतात, बेल्ट तापतो, गुळगुळीत होतो आणि घसरायला लागतो, आणि मग कंपनीला शिव्या. बर्फ ढकलताना आणि लाकूड ओढताना लो रेंजच (हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअर) लावायची, तेवढं पाळलं तर बेल्ट खूप टिकतो. यामाहाची सीव्हीटी जरा वेगळी आहे, तिच्यात बेल्ट कायम ताणलेला राहतो आणि उतारावर इंजिन चाकांना चांगलं धरून ठेवतं, तुमची जागा उताराची आहे म्हणून हे मुद्दाम लिहितोय, मागे भरलेला ट्रेलर असताना उतरणीला गाडी मोकळी सुटणं फार भयंकर असतं.

होंडातही सगळं सरसकट चांगलं असं नाही. रिंकन ही ६७५ सीसीची, ऑटोमॅटिक, राइड मऊ, पण तिला लो रेंजच नाही, त्यामुळे तुमच्या ओढायच्या कामाला मी ती घेणार नाही. त्यापेक्षा लहान इंजिनाची रुबिकॉन घेईन, ५१८ सीसी, डीसीटीवाल्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) मॉडेलला २०२० पासून लो रेंज आहे, मागचं सस्पेन्शनही स्वतंत्र. सीसी मोठी म्हणजे काम जास्त हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं असेल तर काढून टाका.

फोर-व्हील-ड्राइव्ह प्रत्येकाची वेगळी. पोलारिसमध्ये बटण दाबून ठेवलं की मागची चाकं घसरल्यावरच पुढची आपोआप लागतात, कॅन-अॅममध्ये पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) हळूहळू स्वतःच लॉक होतं, म्हणजे दोन्ही चाकं बरोबरच फिरतात, यामाहात लॉकचं वेगळं बटण, कावासाकी ब्रूट फोर्स ७५० मध्ये डाव्या हाताशी लिव्हर, जेवढं दाबाल तेवढं लॉक. बर्फात चारही चालतात, फक्त स्वतः बसून बघा तुमच्या हाताला कोणतं बसतं.

आकड्यांवर फार वेळ घालवू नका. पोलारिसची स्पोर्ट्समन ८५० आणि कॅन-अॅमची २०२४ पर्यंतची आउटलँडर ८५० दोन्ही कागदावर ७८ हॉर्सपॉवर. ओढायची क्षमता स्पोर्ट्समन ८५० ची १,५०० पाउंड, यामाहाच्या ग्रिझली ७०० ची १,३२२. एवढ्या फरकावर तुमचं सरपण अडणार नाही. पॉवर स्टीअरिंग मात्र नक्की घ्या, पुढे प्लाऊचं, म्हणजे बर्फ ढकलायच्या पात्याचं, वजन लटकलं की त्याच्याशिवाय खांदे भरून येतात.

आता ज्याच्यावर खरंच निष्ठा ठेवावी असं मला वाटतं तो म्हणजे डीलर, नाव कुठलंही असो. नेहमीची फॅक्टरी वॉरंटी होंडाची १ वर्ष आणि पोलारिस, यामाहाची ६ महिने, म्हणजे पहिल्या हिवाळ्यानंतर तुम्ही आणि डीलरच उरता. त्याच्या पार्ट्स काउंटरवर जा आणि सरळ विचारा की या मॉडेलचा बेल्ट, ऑइल फिल्टर, पुढच्या अॅक्सलचं बूट (रबरी आवरण) आत्ता शेल्फवर आहे का, आणि जानेवारीत गाडी आणली तर किती दिवसांनी हात लागेल. मग एअर फिल्टर कुठे आहे ते उघडून दाखवायला सांगा. काउंटरवरचा माणूस कंटाळा न करता दाखवतो का, यावरून मला शोरूमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त कळतं.

मुलाचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, १३ वर्षांचा आहे म्हणून. या आकाराच्या एटीव्ही १६ वर्षांच्या पुढच्यांसाठीच असतात, तसं गाडीवर लिहिलेलंही असतं, आणि एका सीटच्या गाडीवर मागे कुणालाही बसवायचं नाही, अगदी गेटपर्यंतसुद्धा नाही. दोघांनी फिरायचंच असेल तर दोन सीटचं मॉडेल येतं ते बघा, आउटलँडर मॅक्स किंवा स्पोर्ट्समन टूरिंग.

तुमच्या वर्णनावरून मी घेतली असती ग्रिझली ७०० किंवा रुबिकॉन डीसीटी, उतार आणि ओढकाम या दोनच कारणांनी. पण यामाहा आणि होंडाचे डीलर दीड तासावर असतील आणि पोलारिसचा चांगला डीलर वीस मिनिटांवर असेल तर स्पोर्ट्समन ५७० किंवा ८५० घ्या आणि निश्चिंत राहा. प्लाऊचा माउंट प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, ऑर्डर देताना गाडीचं साल आणि पूर्ण मॉडेल सांगा, आणि ऑक्टोबरच्या आत सांगा, नंतर सगळे एकदम येतात.

कोणकोणते डीलर किती लांब आहेत ते खाली लिहा, मग अजून नेमकं सांगता येईल.