बनियन कोण?

प्रश्न असा आहे: कंपनी सरकारच्या जुन्या इंग्रजी कागदांत ‘मूर’, ‘जेंटू’ आणि ‘बनियन’ ही माणसांची नावं येतात, ती कोणाची?

पहिली दोन झटपट. मूर म्हणजे मुसलमान, मग तो कुठलाही असो. मोरोक्कोशी संबंध नाही. जेंटू म्हणजे हिंदू. तो ‘हिंदू’चा अपभ्रंश नव्हे, पोर्तुगीज ‘जेंतिओ’वरून आला. मद्रासकडच्या कागदांत मात्र जेंटू म्हणजे तेलुगू माणूस, आणि त्याची भाषाही.

बनियन म्हणजे वाणी, गुजरातीतला ‘वाणियो’. अंगात घालतो ते बनियनही तेच! हिंदीतल्या ‘बुनना’वरून बनियन आलं, हे ऐकून ऐकून कान किटले. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नोंद स्पष्ट आहे: मुळात मलमलीचा अंगातला सदरा, हिंदू लोकांच्या अंगातल्या कपड्यासारखा दिसणारा म्हणून हे नाव, पुढे ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कपड्यालाही तेच. वडाचं ‘बनियन ट्री’सुद्धा इथलंच. इराणच्या किनाऱ्यावर गोम्ब्रूनला, म्हणजे आजच्या बंदर अब्बासला, एका वडाखाली वाणी जमत. इंग्रजांनी त्या एका झाडाला दिलेलं नाव साऱ्या वडांना चिकटलं. त्यात ‘बन’ शोधू नका.

आता शेवटचा ‘न’. वाणियोचं अनेकवचन ‘वाणिया’, मग ‘न’ आला कुठून? तोच कोश अखेरीस अरब व्यापाऱ्यांकडे बोट दाखवतो. मला ते मुळीच पटत नाही. पोर्तुगिजांनी १५३४मध्ये घेतलेली वसई पाहा ना! वसईचं त्यांनी ‘बसाईं’ केलं, इंग्रजांनी ‘बसीन’. सुरुवातीच्या ‘व’चा ‘ब’, शेवटी नाकातला सूर. वाणियोचं ‘बनियन’ होताना नेमकं हेच दोन्ही घडलंय. शेवटी अनुनासिक जोडण्याची पोर्तुगीज खोड त्याच कोशाला ठाऊक आहे, बसीनचा दाखलाही तोच देतो, आणि तरी निकाल अरबांच्या बाजूने! मुंबईतल्या माणसाने तरी तो मानू नये. विरारची गाडी पकडली की पुरावा वाटेतच लागतो.

भाषांतर करणाऱ्यांनी जपावं ते कलकत्त्याच्या कागदांत. अठराव्या शतकात तिथला बनियन म्हणजे साहेबाचा पैसा आणि व्यवहार सांभाळणारा दलाल, बहुतेकदा बंगाली, कित्येकदा कायस्थ किंवा ब्राह्मण. तिथे ‘वाणी’ लिहिलंत तर माणसाची जातच बदलते. ‘मुनीम’ही नको, कारण साहेबाला कर्ज बहुधा हाच देत असे.