मोठ्या स्क्रीनचा पेनवाला फोन घेण्यासारखा असतो का?

तुम्ही विचारलंय की जुना फोन बदलायचाय, मोठ्या स्क्रीनचा पेनवाला फोन मनात भरलाय, काम म्हणजे लेक्चरच्या नोट्स, पीडीएफवर खुणा आणि थोडंफार ड्रॉइंग, तर पेनसाठी जास्तीचे पैसे घालावेत का. मी गेली आठ-नऊ वर्षं पेनवालेच फोन वापरतोय, सध्याचा तिसरा, त्यामुळे यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजून लिहितो. पीडीएफवर खुणा करायला हो, अगदी डोळे मिटून घ्या. तासभराच्या लेक्चरच्या नोट्स काढायला नाही. ड्रॉइंगचं खाली सांगतो.

नोट्सना नाही का म्हणतोय ते आधी, कारण फसगत इथेच होते आणि ती इंचांच्या आकड्यामुळे होते. 2011 मध्ये सॅमसंगचा पहिला पेनवाला फोन, गॅलेक्सी नोट, आला तेव्हा त्याची स्क्रीन 5.3 इंच होती आणि एवढा मोठा फोन कानाला कोण लावणार असं लोक म्हणत होते. आता 6.8, 6.9 इंचाचे फोन आलेत, म्हणजे वाटतं की लिहायला केवढी जागा वाढली असेल. पण हे इंच मोजतात एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि मधल्या वर्षांत स्क्रीन उंच होत गेली, रुंद नाही. पहिल्या नोटची स्क्रीन 16:10 प्रमाणाची होती (आधी उंची, मग रुंदी), हिशोब केला तर रुंदी साधारण 71 मिलिमीटर येते. आजच्या 19.5:9 प्रमाणाच्या 6.8 इंची स्क्रीनची रुंदी येते साधारण 72. म्हणजे इंच दीडने वाढले आणि लिहायची ओळ एका मिलिमीटरने वाढली! ए5 वही 148 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे फोनवरची ओळ तिच्या जेमतेम निम्मी. माझं अक्षर फार मोठं नाहीये तरी एका ओळीत चार-पाच शब्द बसतात, त्यात जोडाक्षरं आणि वरच्या मात्रा, वेलांट्या नीट काढायच्या म्हटलं तर तीनच. सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात आणि तुम्ही पान वर सरकवत बसलेले असता. फोन आडवा धरला तर ओळ लांब मिळते पण मग पाच-सहा ओळींत पान संपतं.

दुसरी गोष्ट हाताची. वहीवर लिहिताना तळहात कागदावर टेकलेला असतो हे आपल्या लक्षातही येत नाही, फोनवर स्क्रीनच्या खालच्या भागात लिहायला लागलं की तळहात फोनच्या खाली उतरतो, टेबल आणि फोन यांच्यात पायरी होते आणि तिथे अक्षर बिघडतं. शिवाय मागे कॅमेऱ्यांचा उंचवटा एका बाजूला असतो, टेबलावर ठेवून लिहिलं की फोन डुगडुगतो. मागून सपाट होईल असं जरा जाड कव्हर घातलं की हे थांबतं, एवढं तरी नक्की करा. आणि हातात धरून लिहायचं तर वजन आहेच, पहिला नोट 178 ग्रॅमचा होता, सॅमसंगचाच एस24 अल्ट्रा 232 ग्रॅमचा, एस25 अल्ट्रा परत 218 वर आणलाय. दोन मिनिटं काही वाटत नाही, वीस मिनिटांनी डावं मनगट बोलायला लागतं.

आता पेन. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि जाहिरातीत कुठे नीट लिहिलेला नसतो, स्टायलस एवढा एकच शब्द वापरतात पण त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक साधा कपॅसिटिव्ह, म्हणजे टोकाला रबर किंवा चकती असलेला, जो स्क्रीनला बोटासारखाच वाटतो. तो कुठल्याही फोनवर चालतो, पण फोनला पेन कुठला आणि तळहात कुठला हे कळत नाही, त्यामुळे हात हवेत धरून लिहावं लागतं, आणि जास्त दाबलं तर रेघ जाड, कमी दाबलं तर बारीक असलं काही नसतं. दुसरी जात म्हणजे सॅमसंगच्या एस पेनमधली, वॅकॉम नावाच्या कंपनीचं तंत्र, त्याला ईएमआर म्हणतात. यात स्क्रीनच्या खाली एक वेगळा थर असतो, तो बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, पेनच्या आत वेटोळं असतं ते त्याला प्रतिसाद देतं, आणि त्यावरून टोक नेमकं कुठे आहे, किती दाबलंय हे फोनला कळतं. म्हणून लिहायला पेनमध्ये बॅटरी लागत नाही, चार्जिंग विसरलात तरी पेन लिहितोच. टोक टेकायच्या आधीच, स्क्रीनपासून सेंटिमीटरभर वर असतानाच फोनला पेन आल्याचं समजतं आणि तो तळहाताकडे दुर्लक्ष करायला लागतो. लिहिण्यातला सगळा फरक इथे आहे. दोन्ही जातींना एकाच तराजूत तोलू नका.

2007 मध्ये पहिला आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सनी स्टायलसला सरळ नकार दिला होता, आणि मला विचाराल तर तेव्हाच्या पेनबद्दल ते बरोबरच होते, कारण तो पेन फोन चालवायला लागायचा, त्याच्याशिवाय बटण दाबता येत नव्हतं. आताचा पेन फोन चालवायला नाहीये, बोट ते काम छान करतं. तो लिहायला आणि नेमकी जागा धरायला आहे. ॲपलनेही पुढे 2015 मध्ये आयपॅडसाठी पेन्सिल काढलीच, पण आयफोनवर ती अजूनही चालत नाही. तेव्हा फोनवरच पेन हवा असेल तर अँड्रॉइडमध्येच बघावं लागणार.

माझा वापर सांगतो म्हणजे खुणांना हो का म्हणालो ते कळेल. माझं काम फर्निचरच्या मापांचं आहे. आधी मी मापं वहीत लिहायचो आणि फोटो फोनमध्ये असायचे, मग रात्री कुठलं माप कुठल्या खिडकीचं हे जुळवत बसायचो. आता खिडकीचा फोटो काढतो, पेन बाहेर ओढतो आणि फोटोवरच लिहितो. मागच्याच महिन्यात एक चौकट होती, वरून माप 1180 भरलं आणि खालून 1174, सहा मिलिमीटरचा फरक, चौकट तिरकी होती. मी फोटोत वरच्या लाकडावर 1180 लिहिलं, खालच्यावर 1174, डाव्या कोपऱ्यात जिथे फट होती तिथे छोटा बाण काढून "इथे पट्टी" लिहिलं आणि तिथूनच सुताराला पाठवून दिलं. त्याने फोन करून काही विचारलं नाही, पट्टी बरोबर बसली. हेच बोटाने केलं असतं तर 1174 चा आकडाच अर्ध्या खिडकीवर पसरला असता आणि टाइप केलं असतं तर "डावीकडची खालची म्हणजे आतून की बाहेरून" यात चार मेसेज गेले असते. तुमच्या पीडीएफचंही असंच आहे, एखाद्या आकृतीवर बाण काढायचा, सूत्रातल्या एका चिन्हाला गोल करायचा, समासात दोन शब्द लिहायचे, अशी कामं पेनने इतकी पटकन होतात की त्याची सवय लागते. सही करून फॉर्म परत पाठवणं पण त्यातच धरा, प्रिंट काढा, सही करा, परत स्कॅन करा हा सगळा खटाटोप जातो.

आणि एक सोय आहे जी दिसायला किरकोळ आहे पण मी सगळ्यात जास्त तीच वापरतो. स्क्रीन बंद असताना पेन ओढला की काळ्या स्क्रीनवर थेट लिहिता येतं, लॉक उघडायला नको, ॲप शोधायला नको. नोट 5 पासून म्हणजे 2015 पासून ही सोय आहे. कोणी बोलता बोलता नंबर सांगितला, चार आकडे सांगितले, लगेच उतरवले, पेन परत आत टाकला की ते नोट्समध्ये जाऊन बसतं. यासाठी पेन फोनच्या पोटातच हवा. एस21 अल्ट्राला पेन चालायचा पण ठेवायला खाच नव्हती, वेगळा घेऊन कव्हरमध्ये सांभाळावा लागायचा, एस22 अल्ट्रापासून खाच परत आली. वेगळा ठेवायचा पेन घरीच राहतो हो, हे मी अनुभवाने सांगतोय. मोटोरोलाच्या नावात स्टायलस असलेल्या फोनमध्येही खाच असते, तिथे पेनची जात मात्र तुम्ही स्वतः तपासून घ्या, कसं ते शेवटी लिहिलंय.

घरात कोणी वयस्कर असेल तर अजून एक फायदा सांगतो, हा मला माहीतच नव्हता. माझ्या आईची बोटं फार कोरडी पडतात, टच लागतच नाही, ती तेच बटण तीन-तीनदा दाबते आणि चौथ्यांदा दोनदा लागून भलतंच काहीतरी उघडतं. एकदा तिच्या हातात माझा पेन दिला आणि तिने पहिल्या फटक्यात नातवाचा फोटो उघडला. ईएमआर पेनला बोटाच्या त्वचेशी काही देणंघेणं नसतं, म्हणून कोरडी बोटं असोत की हातमोजे, पेन चालतो. तिला जुना फोन मीच देऊन टाकला, ती अजून वापरते आणि माझ्यासाठी तेवढ्यानेच त्या फोनचे पैसे वसूल झाले.

ड्रॉइंगचं म्हणाल तर दाबाच्या 4096 पायऱ्या वगैरे आकडा खरा आहे, रेघ सुंदर येते, पण काच गुळगुळीत असते आणि पेन बारीक असतो, दहा मिनिटांत बोटं आखडतात. सुचलेली कल्पना पटकन उतरवायला छान. रंग भरून पूर्ण चित्र करायचं असेल तर दहा-अकरा इंची टॅबलेटला पर्याय नाही. बारीक पेनाचाच त्रास असेल तर एक उपाय आहे, ईएमआर जातीचे जाड पेनही मिळतात, श्टेडलर कंपनीची पेन्सिलसारखी दिसणारी नोरिस डिजिटल आहे तशी, ती सॅमसंगच्या या फोनवर चालते आणि हाताला खरीखुरी पेन्सिल धरल्यासारखं वाटतं. फोल्डवर, म्हणजे सॅमसंगच्या घडीच्या फोनवर, मात्र साधा एस पेन अजिबात लावू नका, त्याची आतली स्क्रीन मऊ असते, त्यासाठी वेगळा पेन होता आणि फोल्ड 7 ला तर पेन चालायची सोयच काढून टाकलीय.

त्रास काय होतात तेही सांगायलाच हवं. माझ्या दुसऱ्या फोनवर एका उभ्या पट्ट्यात पेन लिहायचाच नाही, रेघ मध्येच तुटायची, मला वाटलं स्क्रीन गेली. आठवडाभराने कळलं की कव्हरच्या झाकणाला चुंबक होता आणि झाकण मागे दुमडलं की तो बरोबर त्या पट्ट्याखाली यायचा. तंत्रच चुंबकीय क्षेत्राचं आहे, त्यामुळे चुंबकवाली कव्हरं, मागे चिकटणारी पाकिटं यापासून लांब राहा. पेन हरवला तर नवा त्याच मॉडेलचा बघून घ्या, नाहीतर खाचेत बसत नाही. आणि पेनने लांबून फोटो काढायचा हा तुमचा हेतू असेल तर एस25 अल्ट्रा घेऊ नका, त्याच्या पेनमधलं ब्लूटूथ काढलंय, लिहिणं तसंच आहे पण लांबून चालणारं बटण गेलं. ब्लूटूथ 2018 च्या नोट 9 पासून होतं.

तर तुम्ही काय करावं? फोन घ्यायच्या आधी दोन आठवडे खिशाला बसेल एवढी छोटी वही आणि पेन सोबत ठेवा. साधारण फोनच्याच रुंदीची घ्या, मोठी नको. लेक्चरला पण तीच वापरून बघा. दिवसातून तीन-चारदा आपोआप हात तिच्याकडे गेला, तुम्ही बाण काढले, गोल केले, आकडे लिहिले, तर पेनवाला फोन तुमच्यासाठीच आहे. वही खिशात तशीच कोरी राहिली तर तुम्ही टाइप करणारे आहात, त्यात वाईट काही नाही, मग तेच पैसे चांगल्या बॅटरीवर नाहीतर साधा मोठा फोन आणि पेनवाला टॅबलेट अशा जोडीवर घाला. तुमच्या नोट्सचं काम बघता मला ही जोडीच जास्त बरोबर वाटतेय.

आणि घ्यायचाच ठरला तर दुकानात ठेवलेला फोन हातात घेऊन पेनचं टोक स्क्रीनच्या जरा वर धरा, टेकवू नका. खाली छोटा ठिपका हलताना दिसला तर ती चांगली जात. मग तळहात पूर्ण टेकवून तुमचं नाव, पत्ता असं चार ओळी लिहा, अगदी शेवटची ओळ स्क्रीनच्या खालच्या कडेला येईपर्यंत, आणि बघा तळहाताचे डाग उमटतात का, पान मध्येच सरकतं का. जुना फोन घेत असाल तर एक तिरकी रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सावकाश ओढा, मग दुसऱ्या बाजूने, कव्हर काढून. कुठेही तुटली तर तो फोन घेऊ नका.