दुसरी गाठ म्हणजे पसरलेला कर्करोगच असे नाही

पचनमार्गाच्या कर्करोगाबरोबर ‘जिस्ट’ (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीत उगवणारी गाठ) ही वेगळीच गाठ निघाली, की घरातील माणसे गोंधळून जातात. वाचकांकडून सतत तीच विचारणा होत असल्याने एक विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) म्हणून त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : वडिलांच्या (वय ६८) मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना जठरावर दीड सेंटिमीटरची गाठ दिसली आणि तीही काढली. अहवालात ‘जिस्ट’ असे लिहिले आहे. कर्करोग जठरापर्यंत पसरला, असे नातेवाईक म्हणतात.

अहवाल तसा असेल, तर हा प्रसार नव्हे. आतड्याचा कर्करोग आतल्या अस्तरातून उगवतो, तर जिस्ट भिंतीच्या स्नायुथरातील, आतड्याच्या हालचालीचा ताल राखणाऱ्या काहाल पेशींच्या कुळातून. जपानमध्ये जठराच्या कर्करोगासाठी काढलेली १०० जठरे बारकाईने कापून पाहिली, तेव्हा ३५ जठरांत सूक्ष्म जिस्ट आढळल्या होत्या.

दुसरी गाठ नुसत्या नजरेने ‘पसरलेला रोग’ ठरवली जाते, याची मला सर्वाधिक काळजी वाटते. कारण तसे ठरले की रुग्ण एकदम चौथ्या टप्प्यात ढकलला जातो आणि बरा होण्याजोग्या माणसावर केवळ आयुष्य लांबवणारे उपचार सुरू होण्याचा धोका असतो. एकदा माझ्याकडे एकाच बाटलीत, फॉर्मालिनमध्ये, दोन तुकडे आले. चिठ्ठीवर फक्त ‘आतडे व गाठ’ एवढेच लिहिले होते आणि गाठ कुठली हे विचारण्यात दोन दिवस गेले. स्लाइडवर सीडी ११७ आणि डॉग १ या, जिस्टच्या पेशींतील प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या तपासण्यांत पेशी तपकिरी उमटल्या, तेव्हाच ती जिस्ट असल्याचे निश्चित झाले. म्हणून प्रत्येक गाठ वेगळ्या बाटलीत, जागेच्या नोंदीसह पाठवली गेलीच पाहिजे. पुढेमागे यकृतात डाग दिसला, तर तो आतड्याच्या कर्करोगाचाच असे स्कॅनवरून गृहीत धरू नये; दोन्ही आजार यकृतात जाऊ शकतात आणि त्यांची औषधे पूर्णपणे वेगळी आहेत, त्यामुळे शक्य असेल तेथे सुईने तुकडा घेऊन खात्री करावी. जुने तुकडे ज्यांत जपून ठेवलेले असतात ते मेणाचे ठोकळे कोणत्या प्रयोगशाळेत आहेत, याची नोंद घरी ठेवा. वडिलांच्या जिस्टचा धोका तिचा आकार, तिची जागा आणि ५ चौरस मिलिमीटरमधील पेशीविभाजनांची संख्या यांवरून ठरतो. हे तिन्ही तपशील अहवालात आहेत का ते पाहा आणि तो घेऊन कर्करोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : एकाच केमोथेरपीने दोन्ही गाठी जातील का?

नाही, कारण नेहमीच्या केमोथेरपीला जिस्ट क्वचितच दाद देते.

प्रश्न : जठरात फुगवटा दिसला, पण दुर्बिणीतून घेतलेला तुकडा निर्दोष आला. आता चिंता नाही ना?

आहे. चिमट्यात बहुधा वरचे अस्तरच येते आणि जिस्ट त्याखाली राहते. दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीबद्दल पोटविकारतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : जिस्टवरील गोळी इमॅटिनिब स्वस्तातली घेतली तर चालेल का? एका केंद्राने तर गाठ विरघळवणारा काढा देऊ केला आहे.

किंमत कमी म्हणजे औषध बनावट, असे मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेकचे (इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या औषधाचे) पेटंट नाकारले आणि भारतीय कंपन्यांचे इमॅटिनिब रुग्णांना मिळत राहिले. ते तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर, पक्क्या बिलाने घ्यावे. मात्र शस्त्रक्रियेनंतर ते प्रत्येकाला लागत नाही. अधिक धोक्याच्या जिस्टमध्ये ते साधारण तीन वर्षे दिले जाते आणि जनुकातील काही बदलांवर, उदाहरणार्थ पीडीजीएफआरए जनुकातील डी८४२व्ही या बदलावर, ते चालत नाही; म्हणून जनुकीय तपासणीविषयी आधी विचारावे. काढ्याने जिस्ट विरघळत नाही. इमॅटिनिबबरोबर असे काही घेतल्यास औषधाचे रक्तातील प्रमाण बिघडू शकते आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

प्रश्न : वडिलांची जिस्ट पुढे मुलांना होईल का?

बहुधा नाही, पण घरात कोणाच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे अनेक चट्टे आणि मऊ गाठी असतील, तर ती जिस्टशी संबंधित आनुवंशिक आजाराची खूण असू शकते; अशा वेळी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

प्रश्न : आईला जठराचा कर्करोग आहे आणि शेजारी लहानशी जिस्टही आहे. जिस्ट सौम्य असल्याने शस्त्रक्रिया बहिणीच्या लग्नानंतर, चार महिन्यांनी, केली तर चालेल का?

लहान जिस्ट कदाचित थांबेल, जठराचा कर्करोग थांबणार नाही. याच आठवड्यात शल्यचिकित्सकांना भेटा आणि लग्नाची तारीख त्यांनी दिलेली तारीख पाहून ठरवा.