टू-एक्स लावण्याआधी टॉर्च लावा

पावसाळा ओसरला की कपाटं आवरली जातात, आणि आवरताना सापडलेल्या कॅमेऱ्यांबरोबर एक बुटकं काळं नळकांडं निघतं. मग माझ्याकडे पत्रं सुरू. ते नळकांडं म्हणजे टेलिकन्व्हर्टर, जुन्या स्टुडिओवाल्यांचा टू-एक्स. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसतो, फोकल लेंग्थ (लांबचं किती मोठं दिसणार, तो लेन्सवरचा एमएमचा आकडा) दुप्पट करतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर जुन्या मॅन्युअल लेन्स लावायचं वेड आपल्याकडेही आलंय, त्यामुळे यंदा पत्रं जरा जास्तच आहेत. घोळ मात्र त्यांत तेच ते. म्हणून इथे एकदमच उत्तरं देतो.

वडिलांच्या १३५ एमएम एफ/२.८ लेन्सबरोबर टू-एक्स सापडला. लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये काळं दिसूलालंय. बिघडलाय काय? (शहापूर, बेळगाव)

नाही. १३५ चे २७० झाले, पण उजेड आत यायची वाट तेवढीच राहिली, साधारण ४८ मिलिमीटरची. २७० ला ४८ नं भागा, ५.६ येतील; एफचा आकडा तो हाच. म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), उजेड पावपट झाला. लेन्सच्या रिंगवर २.८ च दिसणार; आपल्या मागे काय लावलंय हे त्या रिंगला कुठून कळायचं? कॅमेऱ्यातला मीटर काचेतून आलेला उजेड मोजतो, तो सांभाळून घेईल. हातातला मीटर असेल तर दोन स्टॉप स्वतः धरा. फ्लॅशचा हिशेब करतानाही रिंगवरचा आकडा नाही, त्याची दुप्पट घ्या. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात मधोमध जे दुभंगलेलं वर्तुळ असतं, त्याचा अर्धा भाग एवढ्या उजेडात काळा पडतोच. ते वर्तुळ सोडून बाजूच्या खरखरीत काचेवर फोकस करा.

२८ एमएमच्या वाइड लेन्सला लावला तर? (निपाणी)

५६ मिळेल, तेही वाईट. ५० ची लेन्स वापरा.

दोन कन्व्हर्टर एकावर एक लावता येतात का? (गोकाक)

येतात. एफ/४ ची लेन्स एफ/१६ होईल आणि धबधब्याचा धुकट फोटो येईल. लावू नका.

शहापुरी साडीच्या विणीचे जवळून फोटो हवेत. दुकानदार म्हणतो एक्स्टेन्शन ट्यूब आणि कन्व्हर्टर एकच. (वडगाव)

एकच नाहीत. आरपार बघा. काच नसेल तर ट्यूब, काच असेल तर कन्व्हर्टर. ट्यूब लावली की लांबचं फोकस जातं, जवळचं मिळतं. कन्व्हर्टरनं लांबचं राहतं, लेन्स जेवढ्या जवळ जायची तेवढीच जाते आणि चित्र दुप्पट मोठं येतं. हे फुकटात मिळणारं सुख लोकांना माहीतच नसतं. विणीसाठी जुना विव्हिटारचा टू-एक्स मॅक्रो फोकसिंग कन्व्हर्टर मिळाला तर बघा. त्यात फोकसची स्वतःची रिंग असते आणि ५० एमएमच्या लेन्सबरोबर तो एकास एक आकारापर्यंत नेतो, म्हणजे धागा जेवढा तेवढाच सेन्सरवर. त्या दुकानदाराकडून घेणार असाल तर आपली लेन्स आणि बॉडी सोबत न्या, लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘युनिव्हर्सल, सगळ्या कॅमेऱ्यांना बसतं’ असं कोणी म्हटलं की मी खिशावरचा हात घट्ट करतो.

ऑनलाइन मागवलेला कन्व्हर्टर बॉडीत अडकला, निघत नाही. पक्कड लावू का? (चिक्कोडी)

पक्कड खाली ठेवा. तुम्ही बॉडी पेंटॅक्सची लिहिलीत, ऑटोफोकसची, आणि कन्व्हर्टर दुसऱ्याच कंपनीचा के-माउंटचा, म्हणजे पेंटॅक्सच्या जोडणीचा. अशा काही जुन्या कन्व्हर्टरना आणि लेन्सना मागच्या बाजूला एक जादा पिन असते, तिला रिको पिन म्हणतात. ऑटोफोकसच्या पेंटॅक्स बॉडीत ती खाचेत जाऊन बसते, मग फिरवलं तरी सुटत नाही. जोर केलात तर बॉडीचं माउंट जाईल. आहे तसा दुरुस्तीवाल्याकडे न्या.

निकॉनवाल्यांनीही ऐकून ठेवावं. १९७७ मध्ये निकॉननं एआय पद्धत आणली, म्हणजे लेन्सचा एफ-आकडा बॉडीला आपोआप कळवणारी जोडणी. त्याआधीच्या लेन्सची किंवा कन्व्हर्टरची कडा नंतरच्या बऱ्याच बॉड्यांवरच्या छोट्या खटक्यावर आदळते आणि तो मोडतो. शिवाय निकॉनचा टीसी-३०० किंवा टीसी-३०१ हातात असेल तर त्याची पुढची काच बाहेर आलेली दिसेल. तो ३०० एमएम आणि पुढच्या लेन्ससाठी आहे. छोट्या लेन्सला लावलात तर काचेवर काच घासते. त्या लेन्सना टीसी-२०० किंवा २०१. ‘खट्’ आवाज आला म्हणजे बसलं, असं नाही. कधी कधी तो काच गेल्याचा आवाज असतो.

भीमगडच्या बाजूला धनेश दिसतात. माझ्याकडे २०० एमएम एफ/४ आहे. टू-एक्सनं काम होईल, की नुसतं क्रॉप करू? (खानापूर)

हा प्रश्न बरा विचारलात. २०० चे ४०० होतील, एफ/४ चा एफ/८. झाडीत सकाळी एफ/८ म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) चढवत बसायचं. त्यात जुना टू-एक्स लेन्सचे सगळे दोष दुप्पट करून दाखवतो आणि वर स्वतःचे घालतो. लेन्सचं छिद्र एक स्टॉप लहान केलंत तर चित्र सुधारतं, पण मग एफ/११. दुसरीकडे २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून तेवढाच धनेश क्रॉप केलात तर ६ मेगापिक्सेल उरतात.

कुठलं चांगलं, हे माझ्या शब्दावर ठरवू नका, दुसऱ्या कोणाच्याही नको. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर चिकटवा, ट्रायपॉडवरून एकदा टू-एक्स लावून, एकदा न लावता काढा, आणि दोन्हीतली अक्षरं सारख्या आकाराला आणून वाचा. पुष्कळ स्वस्त टू-एक्स या परीक्षेत नापास होतात. १.४ चा कन्व्हर्टर एकच स्टॉप खातो आणि बहुधा पास होतो.

मिररलेसमध्ये बॉडीतलं स्थिरीकरण (हाताचं हलणं सांभाळणारी सोय) असेल तर जुन्या लेन्सची फोकल लेंग्थ हातानं भरावी लागते. तिथे २०० नाही, ४०० भरा. हा आकडा चुकवून ‘कन्व्हर्टरनं फोटो हलतो’ म्हणणारे मला आठवड्याला एक तरी भेटतात. आणि ढोलीच्या जवळ जायचं नाही. मादी आत लिंपून घेतलेली असते, नर खाऊ घेऊन येतो. तुम्ही उभे राहिलात तर तो येत नाही. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याकडे विचारा.

जांबोटीच्या घरी चामडी केसमध्ये दहा वर्षं पडलेला कन्व्हर्टर आहे. आत पांढरे धागे दिसतात. शेजारी म्हणतात उन्हात ठेवा, तांदळात पुरा, कापूर ठेवा. मी गणपतीनंतर बघू म्हणून ठेवला होता, आता दिवाळी आली. (जांबोटी)

बसा जरा. हे लांबणार.

ते धागे बुरशीचे. काचेवरच्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकट डागांवर ती वाढते आणि तिच्यातून सुटणारं आम्ल आधी काचेवरचा लेप, मग काच खातं. लवकर काढली तर मागमूस राहत नाही. उशीर झाला की काच साफ होते पण खोडाच्या सालीसारखी नक्षी कायमची उरते. जांबोटी, कणकुंबी भागातल्या पावसात चार महिने ओल हटत नाही, तिथे ‘गणपतीनंतर बघू’ म्हणजे बुरशीला आणखी एक पावसाळा देणं. तुम्ही तर गणपतीही घालवलेत.

आता शेजाऱ्यांची औषधं. उन्हात ठेवलेली लेन्स भिंगच असते, कापड जाळू शकते, आणि उन्हानं आतलं ग्रीस पातळ होऊन लेन्सच्या छिद्राच्या पाकळ्यांवर येतं. तांदळाचं पीठ फटींत शिरतं. कापूर आणि डांबरगोळ्यांजवळ कॅमेरा ठेवू नका, असं कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकाच सांगतात. आणि कोणी टूथपेस्ट सुचवली, तर त्यांच्या चष्म्यावर आधी लावून बघा.

पारखायची रीत अशी. अंधाऱ्या खोलीत एका बाजूनं टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूनं तिरपं बघा. धागे किंवा कोळ्याची जाळी दिसली तर बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा असेल तर आतली वाफ बसलीय. हे दोन्ही साफ होऊ शकतं. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचांमधला चिकट थर सुटलाय. तसा स्वस्त टू-एक्स सोडून द्या, दुरुस्ती किमतीच्या वर जाते. लेन्सही अशीच पारखा, कारण कन्व्हर्टर तिचाही दोष दुप्पट करून दाखवणार. स्वतः उघडू नका. माझ्याकडे अर्धवट उघडून पिशवीत आणलेले कन्व्हर्टर येतात, काचा उलट बसवलेले, एक स्क्रू कमी. कोणतं औषध वापरता, असंही विचारू नका.

आज करायचं ते एवढंच: ती चामडी केस टाका, ओल ती धरून ठेवते. स्वयंपाकघरातला रबर असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा, ४० ते ५० टक्के ठीक. जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, ते सुकवायला घरच्या कढईत गरम करू नका. बुरशी लागलेला कन्व्हर्टर मात्र इतर लेन्सबरोबर त्या डब्यात ठेवायचा नाही. आणि या आठवड्यात दाखवा.

चंद्र किती मोठा येईल? आणि सूर्यग्रहण काढता येईल का? मागे २६ डिसेंबर २०१९ ला राहून गेलं. (हिंडलगा)

४०० एमएमला चंद्र सेन्सरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटीत सातवा हिस्सा. लोकांची इथे निराशा होते. पौर्णिमेला खरा एफ/८ धरून आयएसओ १०० वर १/२०० पासून सुरू करा. खरा एफ/८, रिंगवरचा नव्हे.

सूर्य नाही. टू-एक्स लावलेल्या लेन्समधून, आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरनं, क्षणभरही नाही. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच), एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यांतलं काहीही डोळा वाचवत नाही. लेन्सच्या पुढे लावायचा खास सौर फिल्टर असतो, तोही जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय नको. आणि एव्हाना बघून झालं असेल, डोळ्यापुढे डाग येत असेल, तर मला पुढचं पत्र लिहीत बसू नका. आजच्या आज नेत्रतज्ज्ञाकडे जा.