ऐरोलीच्या ताईंना: दोन चार्जर चालतील, पण तो शेजारचा नको

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर सांगा. जेवणाच्या डब्यांच्या इलेक्ट्रिक स्कूटरला ४८ व्होल्ट, ३० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, सोबत ६ अँपिअरचा चार्जर. भाचा दोन वाजता ३० टक्क्यांवर परत येतो, साडेचारला पुन्हा निघतो, आणि संध्याकाळच्या फेरीला ५५ टक्के लागतात. शेजाऱ्यांनी जुनी स्कूटर विकली, तिचा '४८ व्होल्ट ५ अँपिअर' लिहिलेला चार्जर पडून आहे. दोन्ही एकदम लावावेत का?

एका बॅटरीला दोन चार्जर लावता येतात. तो शेजारचा मात्र लावू नका.

'४८ व्होल्ट' हे नुसतं आडनाव आहे, त्या आडनावाची तीन वेगळी घरं बाजारात आहेत. तुमच्या एलएफपीत १६ सेल एकापुढे एक जोडलेले असणार, एकेक ३.६५ व्होल्टला भरतो, म्हणजे एकूण ५८.४. एनएमसीच्या, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या लिथियम बॅटरीच्या '४८' मध्ये १३ सेल, ४.२ प्रमाणे ५४.६. आणि लेड-अ‍ॅसिडच्या '४८' म्हणजे १२-१२ च्या चार बॅटऱ्या. तो चार्जर ५८-५९ पर्यंत चढतो आणि नंतरही थोडा थोडा करंट सोडतच राहतो. जुनी स्कूटर म्हणताय, तर तो लेड-अ‍ॅसिडचाच असण्याची शक्यता जास्त. तो लावला तर रोज बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या राखण करणाऱ्या सर्किटने, मध्ये पडून थांबवायचं. बीएमएस हा घराचा शेवटचा दरवाजा आहे हो, रोज येण्याजाण्याचा नाही. एनएमसीचा निघाला तर बॅटरी भरायच्या आधीच हात आखडता घेईल, आणि वर त्याच्याच आउटपुटवर ५८ व्होल्ट उलटे येऊन बसतील. याच्या उलट प्रकार, म्हणजे एनएमसीला एलएफपीचा चार्जर, तर आगीशी खेळ: ५८.४ भागिले १३, सेलमागे जवळजवळ ४.५ व्होल्ट.

एकाच जातीचे दोन समांतर लावले, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, की अँपिअरची बेरीज होते, व्होल्टची नाही. चार्जर आधी ठरलेला करंट ढकलत राहतो, ५८.४ गाठलं की व्होल्टेज तिथेच धरून करंट उतरवत नेतो. पण दोन चार्जर तंतोतंत सारखे कधीच नसतात. माझ्याकडच्या जोडीतला एक ५८.४ ला थांबतो, दुसरा ५८.१ ला. ५८.१ वाल्याचा दिवा आधी हिरवा होतो आणि लोकांना वाटतं तो बिघडला. बिघडलेला नसतो, त्याचं काम झालेलं असतं. उरलेलं दुसरा उरकतो. शेवटचा आकडा नेहमी जास्त व्होल्टेजवाल्याचा, म्हणून लेबलवर न जाता मल्टिमीटर लावा. काही चार्जर बॅटरीशिवाय व्होल्टेज दाखवतच नाहीत; अशा वेळी एकेकट्याने पूर्ण चार्ज करून शेवटी मोजायचं.

आता खरी अडचण, जी कुणी विचारत नाही: पिन. तुर्भ्याला आमचं पॅक जोडायचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे मी स्वतः हा शहाणपणा केलाय. दोन वायरी एका वाय-केबलमध्ये (दोन तोंडांची एक करणारी केबल) घेतल्या आणि स्कूटरच्या मूळ तीन पिनी सॉकेटात खुपसल्या. चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी काढताना प्लग सुटेना. ओढला तर एक पिन चहासारखी तपकिरी, भोवतालचं प्लॅस्टिक मऊ पडून पिनेला चिकटलेलं. बॅटरी थंडगार, चार्जर ठणठणीत, जळलं ते मधलं दीडशे रुपयांचं कनेक्टर. सॉकेट किती अँपिअरचं आहे आणि बीएमएसची चार्जिंगची मर्यादा किती, हे दोन आकडे बॅटरी देणाऱ्याकडून लिहून घ्या. डिस्चार्जची मर्यादा सांगतील ती नको, चार्जिंगचीच विचारा. ती बहुतेक वेळा बरीच कमी असते.

गाडी आली की अर्धा तास पॅक निवू द्या. मे महिन्यात ऐरोलीत हे टाळूच नका. मग उरतात दोन तास. आत्ताच्या चार्जरने १२ एएच, म्हणजे ४० टक्के. भाचा ७० वर निघतो आणि १५ वर परततो. जीव मुठीत धरून येत असेल. अजून ६ चा कशाला? ४ अँपिअरचा एलएफपी चार्जर जोडला तरी दोन तासांत २० एएच, म्हणजे ९५ च्या पुढे. ३० एएचला १० अँपिअर म्हणजे पॅकच्या एक तृतीयांश. बहुतेक एलएफपी सेलना हे झेपतं, पॅकवरचा आकडा तरी बघाच. सॉकेट १० चं नसेल तर दोन चार्जरचा विचार सोडा, आधी सॉकेट बदलून घ्या. आणि तुमची गाडी नवीन असून चार्जर बीएमएसशी बोलत असेल, तर बाहेरचा दुसरा चार्जर ती घेणारच नाही. तिथे कंपनीचाच मोठा चार्जर मागा.

घरातल्या विजेची काळजी नको, दोन्ही मिळून भिंतीतून तीन अँपिअरच्या आसपास ओढतील. फक्त ज्या एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन चालतं, त्यावर लावू नका. चार्जर एकावर एक रचू नका. पहिले चार दिवस दर वीस मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा, आणि पिनेचा फोटो मला पाठवा.