तिशीपर्यंत कशाला थांबायचं?

प्रिय मित्रा,

"दिवसाला चारच सिगारेटी तर ओढतो, तिशीला सोडणारच आहे," असं तू परवा म्हणालास. चारचौघांत विषय वाढवला नाही, म्हणून हे पत्र.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांचीच १९५१ पासून ५० वर्षं पाहणी झाली. संशोधक रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. सिगारेट न सोडणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांची त्यातली ३ वर्षं वाचली, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडणाऱ्यांची जवळपास सगळी. हे वाचून तिशीपर्यंत मुभा आहे असं धरून चालू नकोस. त्या लोकांनी खरोखर सोडली होती. नुसतं 'सोडणार' म्हणणारे चाळिशीतही ओढतच असतात, कारण दरम्यान निकोटिनची पकड घट्ट होत जाते.

आणि कॅन्सर काही तिशीनंतर ठरत नाही. धुरातली सत्तरेक रसायनं कर्करोगकारक आहेत. बेंझोपायरीनसारखी रसायनं फुफ्फुसातल्या पेशींच्या डीएनएला चिकटतात. पेशींची बेसुमार वाढ रोखणारा पी५३ नावाचा जनुक त्यात नादुरुस्त होऊ शकतो. असे बिघाड वर्षानुवर्षं साचत जातात, आणि आज त्यातलं काहीच जाणवत नाही. 'लाइट' सिगारेटनं यात फरक पडत नाही. माणूस झुरका खोल घेतो, एवढंच.

मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट २०२० मध्ये समोर आली. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळपास निरोगी पेशी सापडल्या, ओढत राहणाऱ्यांच्या चौपट प्रमाणात. म्हणजे धूर थांबला की शरीर नवं अस्तर घालायला घेतं. सोडून दहा वर्षं झाली की फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो.

आता सोडायचं कसं? कमी करत बसू नकोस, तारीख ठरव. पहिले तीन दिवस जड जातील. चिडचिड होईल, झोप उडेल. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. जेवणानंतर हात खिशाकडे जाईल, तेव्हा उठून चालायला लाग. लायटरसुद्धा घरात ठेवू नकोस. निकोटिनचे पॅच, च्युइंगगम आणि औषधंही आहेत. डॉक्टरांना विचार, त्यात कमीपणा नाही.

ठरवलेली तारीख मला कळव. मध्येच एखादी ओढली गेली तर तेही सांग, मी रागावणार नाही. फक्त नवं पाकीट घेऊ नकोस.

तुझा,
सर